वाफेच्या इंजिनामागे: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रेल्वेवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात कोळशाचं इंजिन अजून कुठे धावतं का?

नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न येतो, म्हणून तो पहिला घेतला. मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८८०च्या दशकात मीटरगेजवर (दोन रुळांत एक मीटर अंतर) टाकला. १९९०च्या दशकात तो ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) झाला, आणि आता वर विजेच्या ताराही आल्या आहेत. एके काळी मिरजेला तिन्ही गेज एकत्र होती: पुण्याकडून ब्रॉडगेज, लोंढ्याकडून मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज (अरुंद रुळांची). त्यातली ब्रॉडगेज तेवढी उरली. देशभर पाहिलं तर ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५मध्ये बंद झाली. आज वाफ दिसते ती डोंगरी गाड्यांवर आणि अधूनमधून सोडल्या जाणाऱ्या वारसा गाड्यांवर. म्हणजे आपल्याला प्रवास करावा लागणार. पण सराव घरच्या मार्गावर करता येतो, आणि तो न करता गेलेला माणूस बहुतेक वेळा धुराचे हललेले फोटो घेऊन परततो.

मग जायचं कुठे?

पहिली पसंती तमिळनाडूतली निलगिरीची डोंगरी गाडी. तिथे वाफेचं इंजिन रोजच्या गाडीला असतं, त्यामुळे एक दिवस फसला तरी दुसरा हातात राहतो. दुसरी जागा हरियाणातलं रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं शेड. १८५५ सालचं 'फेअरी क्वीन' आणि डब्ल्यूपी वर्गातलं 'अकबर' ही नावं तिथलीच. दिल्ली-रेवाडी अशा खास फेऱ्या अधूनमधून जाहीर होतात. लोंढा, बेळगाव, मिरज करत जाणारी गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीत निजामुद्दीनला सोडते, त्यामुळे अंतर लांब असलं तरी गाडी बदलावी लागत नाही. पण केवळ एका खास फेरीसाठी दिल्लीचं तिकीट काढू नका. अशा फेऱ्या पुढे ढकलल्या जातात, कधी रद्द होतात, कधी ऐन वेळी वाफेच्या जागी डिझेल जोडलं जातं. दिल्लीत दुसरं काही काम असेल तर जोडीला रेवाडी ठेवा.

दार्जिलिंगलाही वाफ आहे, पण इथून चार दिवस प्रवासातच जातात.

निलगिरीची गाडी नेमकी कशी आहे? फोटोच्या दृष्टीने काय माहीत हवं?

मीटरगेज, ४६ किलोमीटरच्या आतबाहेर, मेट्टुपाळयम ते उदगमंडलम म्हणजे ऊटी. मार्ग कुन्नूरपर्यंत १८९९मध्ये आणि ऊटीपर्यंत १९०८मध्ये पोचला. २००५पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. वाफेचं इंजिन मेट्टुपाळयम ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात असतं, पुढे ऊटीपर्यंत डिझेल. ऊटीच्या फलाटावर कॅमेरा घेऊन वाफेची वाट बघणारे दर मोसमात दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कल्लार ते कुन्नूर या चढावर दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे. चढ १२ला १ इतका, म्हणजे बारा मीटर पुढे जाताना एक मीटर वर. आपल्या कॅसल रॉक-कुळे घाटाचा ३७ला १ हा चढ ब्रॉडगेजच्या हिशेबाने तीव्रच, तरी यापुढे तो सपाट वाटेल. इथली एक्स वर्गाची इंजिनं चार सिलिंडरांची आहेत. खालचे दोन नेहमीची चाकं फिरवतात. पट्टीवर चढल्यावर त्यांची वापरलेली वाफ वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. म्हणून कल्लारच्या आधी वरच्या सिलिंडरांचे दांडे स्थिर असतात आणि पट्टी लागल्यावर हलू लागतात. बाजूने व्हिडिओ घेणाऱ्याने हा क्षण सोडू नये. त्याच क्षणी आवाजही बदलतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की चढताना इंजिन गाडीच्या मागे असतं आणि डब्यांना खालून ढकलतं. सर्वांत पुढे डब्याच्या सज्जात हिरवं-लाल निशाण घेतलेला ब्रेकमन उभा असतो. गाडी समोरून येताना फोटो घ्यायला उभे राहिलात तर मिळतो तो ब्रेकमन. इंजिन हवं असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, गाडी पुढे निघून जाईल अशा बेताने उभं राहा आणि मागून टिपा. चढावर वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर. घाई करण्याचं कारण नाही.

बरीचशी इंजिनं आता तेलावर चालतात. त्यांतली काही तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात नव्याने बांधलेली आहेत. कोळशावर चालणारंही एक नवं इंजिन तिथेच तयार झालं. तेलाचा धूर कोळशाइतका गच्च नसतो, पण पांढरी वाफ तीच. नुसता काळा धूर हवा म्हणून आलेला माणूस तिथे थोडा हिरमुसतो.

बेळगावहून तिथे कसं जायचं?

रेल्वेने मैसूर, तिथून बसने किंवा गाडीने ऊटी, मग कुन्नूर करत खाली मेट्टुपाळयम. बांदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद असतो, म्हणून मैसूर सकाळी सोडा. स्वतःची गाडी नेणार असाल तर मे २०२४पासून निलगिरीत शिरायला ई-पास लागतो. तो घरूनच काढा, नाक्यावर उभं राहून नव्हे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या तिथे चालत नाहीत. घरातली स्टीलची बाटली घ्या.

मुक्काम ऊटीला न करता मेट्टुपाळयमला करा. वर जाणारी गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, आणि आदल्या रात्री ऊटीत झोपलेला माणूस पहाटे साडेतीनला उठून घाट उतरत असतो. आरक्षण उघडलं की जागा झटपट भरतात, तेव्हा आधी गाडीचं तिकीट आणि मग बाकीची आखणी.

ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. आपला पावसाळा तेव्हा संपलेला असतो, पण तिकडचा परतीचा पाऊस नेमका तेव्हाच जोरात असतो, दरडी येतात आणि गाडी दिवसच्या दिवस बंद राहते. बेळगावकरांची यात सर्वांत जास्त फसगत होते. जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम: हवा कोरडी, सकाळी गारठा, घाट पूर्वेकडे उघडा असल्याने सकाळचं ऊन थेट गाडीवर.

तिथे मोटारीने गाडीचा पाठलाग करता येतो का?

फारसा नाही. घाटाचा रस्ता आणि रूळ वेगवेगळ्या अंगाने चढतात, मधल्या बऱ्याचशा भागात रस्त्यावरून गाडी दिसतच नाही. मेट्टुपाळयम सोडल्यावर भवानी नदीचा पूल किंवा कल्लारजवळचा भाग, आणि त्यानंतर थेट कुन्नूर, असे दोनच टप्पे धरा. मोटारीला वर पोचायला सव्वा तास पुरतो आणि गाडीला तीन तासांहून जास्त लागतात, त्यामुळे मधे नाश्ता निवांत होतो. अ‍ॅडर्ली, हिलग्रोव्ह, रनीमेड ही पाणी भरण्याची ठिकाणं बघायची असतील तर गाडीतच बसा. तिथे उतरता येतं. हिलग्रोव्हला माकडं हातातलं खाणं हिसकावतात. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या.

खरं वाफेचं इंजिन की सजवलेलं डिझेल, कसं ओळखायचं?

हल्ली काही पर्यटन गाड्यांच्या डिझेल किंवा विजेच्या इंजिनावर धुराडं आणि बॉयलरचा साज चढवतात. जाहिरातीत 'स्टीम लुक' असं लिहिलेलं असलं तर तिकीट काढण्याआधी थांबा. प्रत्यक्षात पाहायची पहिली जागा म्हणजे चाकांचे दांडे. ते सिलिंडरातून निघालेले आहेत का, की नुसतेच चाकांना जोडलेत? दुसरी खूण धूर. खऱ्या इंजिनाचा धूर ठोक्याठोक्याने उसळतो, सजवलेल्याचा एकसारखा निघत राहतो. तिसरी खूण सुटताना. खऱ्या इंजिनाच्या पुढच्या दोन्ही बाजूंनी सिलिंडरांतून वाफेचे फवारे निघतात, कारण थंड सिलिंडरात साचलेलं पाणी बाहेर काढावं लागतं. पाणी दाबलं जात नाही. ते आत राहिलं तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. डिझेलला ही भानगड नसते.

वाफ आणि धूर फोटोत भरपूर यावा तर कुठे, कधी उभं राहायचं?

चढावर, किंवा गाडी सुटताना. स्टेशनात येणाऱ्या गाडीचा फोटो सगळे काढतात आणि नेमकं तेव्हा ड्रायव्हरने वाफ बंद केलेली असते. गाडी नुसती घसरत येते, धुराड्यातून काही निघत नाही. त्याच गाडीसाठी फलाटाच्या पुढच्या टोकाला थांबलात तर सुटताना पाच-सहा जोरदार ठोके मिळतात. उतारावरची परतीची फेरी प्रवासासाठी ठेवा.

हवेचा हिशेब सोपा आहे. वाफ म्हणून आपल्याला जे पांढरं दिसतं ते खरं तर गारठून झालेले पाण्याचे थेंब. हवा जितकी थंड आणि दमट, तितका लोट मोठा आणि टिकाऊ. जानेवारीतल्या पहाटे जे इंजिन डोंगराएवढा लोट सोडतं, तेच एप्रिलच्या दुपारी काहीच सोडत नसल्यासारखं दिसतं.

रंगाचंही समजून घ्या. दाट काळा धूर म्हणजे कोळसा नुकताच टाकला आहे किंवा हवा कमी पडते आहे. फायरमनच्या दृष्टीने तो कौतुकाचा विषय नाही, कोळसा वाया जातो. पातळ करडा धूर म्हणजे आग नीट जळते आहे. माथ्यावरच्या झडपेतून कर्कश आवाजासह सरळ वर जाणारी पांढरी वाफ म्हणजे बॉयलरचा दाब मर्यादेला टेकला. थांबलेल्या इंजिनाचा फोटो घ्यायचा तर हीच वेळ.

वारा विसरू नका. वाऱ्याचा झोत इंजिनाकडून तुमच्याकडे असेल तर लोट डब्यांवर आणि तुमच्यावर पडतो, गाडी झाकली जाते. वाळकं गवत चिमटीत धरून सोडा, कुठे उडतं ते बघा आणि वारा पाठीशी येईल अशी बाजू धरा. ऊन एका बाजूला आणि वारा दुसऱ्या बाजूला असेल तर? उन्हाला मान द्या, पण जागा वळणावर घ्या, म्हणजे लोट निदान तिरपा जाईल.

अजून एक खूण: फाटकाच्या अलीकडे साधारण ६०० मीटरवर 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पिवळी पाटी असते. तिथे ड्रायव्हरला शिट्टी द्यावीच लागते. वाफेच्या शिट्टीबरोबर वाफेचा पांढरा तुरा उठतो. पाटी दिसेल अशा बेताने, रेल्वेच्या हद्दीबाहेर थांबलात तर तो तुरा हमखास मिळतो.

कॅमेऱ्याचे आकडे सांगा.

गाडी गोठवायची असेल तर शटर १/५०० ते १/१००० सेकंद. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि सेकंदाला पाच फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फोटोंमध्ये गाडी दोन मीटरहून जास्त सरकलेली असते. 'ढीगभर काढू, एखादा येईल' या भरवशावर राहू नका. इंजिनाचं तोंड ज्या खांबाशी किंवा झुडपाशी आल्यावर बटण दाबायचं ते आधी ठरवा.

फोकस तिथेच, त्या जागेच्या रुळावर आधी धरून ठेवा आणि आपोआप फोकस बंद करा. आपोआप फोकसवर ठेवला तर कॅमेरा धुराचा पाठलाग करतो आणि इंजिन पुसट येतं. सगळ्यांत जास्त फोटो याच कारणाने वाया जातात.

उजेडाचं त्रांगडं असं की काळं इंजिन आणि पांढरी वाफ एकाच चौकटीत असतात. चौकटीत इंजिन मोठं असेल तर कॅमेरा काळ्याला बघून उजेड वाढवतो आणि वाफ कोरी पांढरी होते. मोजमाप अर्धा ते पाऊण टप्पा (स्टॉप) कमी ठेवा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ फाइल) घ्या आणि अंधारी बाजू नंतर उजळा. जळालेली वाफ नंतर परत येत नाही.

धावतं दिसावं म्हणून कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा असेल तर १/३० ते १/६०. गाडी अगदी बाजूने जात असेल तरच हे जमतं. दांडा खाली आलेला असताना फोटो घ्यायचा हा जुन्या मंडळींचा दंडक. दांडा वर असेल तर चाकांचे आरे झाकले जातात. निलगिरीच्या वेगाला १/२५० पुरतं.

आवाज रेकॉर्ड करायचा आहे.

दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला धुराड्याचे चार ठोके. वायजी वर्गाच्या मीटरगेज इंजिनाचं चालकचाक (दांड्याने फिरणारं चाक) सुमारे सव्वा मीटर व्यासाचं. ताशी ३० किलोमीटरला सेकंदाला आठ-नऊ ठोके होतात, म्हणजे कानाला ते वेगळे ऐकू येणं कठीण. ठोके सुटे हवे असतील तर सुटणारी किंवा चढणारी गाडी धरा. पातळी ठरवताना ठोक्यांसाठी उणे १८ डेसिबलच्या आसपास जागा सोडा, कारण शिट्टी त्याहून कितीतरी मोठी असते आणि तीच फाटते. मायक्रोफोनला वाऱ्याची टोपी घाला. आणि आजूबाजूच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा, 'आली आली' ही आरोळी प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असते.

फक्त मोबाइल आहे. चालेल?

चालेल. स्क्रीनवर इंजिनाच्या जागी बोट दाबून धरून फोकस-उजेड कुलूपबंद करा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, सलग फोटोंची सोय चालू ठेवा. सर्वांत रुंद भिंग वापरू नका, इंजिनाचं नाक केळ्यासारखं वाकतं. बोटांनी झूम करण्यापेक्षा जागा बदला.

घरच्या मार्गावर सराव कुठे करायचा?

मिरज-लोंढा मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. म्हणजे सकाळी रुळाच्या पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला थांबायचं. हिवाळ्यात इथे ऊन सातच्या आसपास येतं, आणि पहिले दोन तास खरे कामाचे.

बेळगाव शहरात पूर्वी टिळकवाडीच्या फाटकांवर उभं राहून गाडी बघता यायची. आता काही ठिकाणी उड्डाणपूल आले. पुलावरून फोटो घेता येतो, पण खाली विजेच्या तारा आणि मागे भरधाव बस, त्यामुळे पादचारी पट्टी असेल तिथेच थांबा. शहराबाहेर देसूर, पुढे खानापूरजवळ मलप्रभेचा पूल, मग गुंजी आणि लोंढा. लोंढ्याला गोव्याकडची आणि हुबळीकडची वाट फुटते, त्यामुळे गाड्या थांबतात आणि इंजिन जवळून बघता येतं. फलाट तिकीट दहा रुपये, मुदत दोन तास.

उत्तरेला कुडचीजवळचा कृष्णेचा पूल उत्तम, पण उसाचा हिशेब ठेवा. ऑक्टोबरमध्ये ऊस दोन माणूस उंच असतो आणि रूळ दिसतच नाही. तोड झाल्यावर, म्हणजे डिसेंबरपासून पुढे, शेत उघडं पडतं. पण तेव्हाच उगारच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रेलरांच्या रांगा लागतात आणि रायबाग-कुडची भागात दहा किलोमीटरला अर्धा तास जातो. पाचट जाळतात त्या दिवसांत संध्याकाळी धुरकं असतं. काहींना ते फोटोत आवडतं, श्वासाला आवडत नाही.

पाठलागाची आखणी कशी करायची?

कमी थांब्यांची. एका फेरीत तीन जागा पुष्कळ, नवख्याने दोनच धराव्यात. गाडी निघून गेल्यावर सामान आवरून वाहन हलेपर्यंत पाच मिनिटं जातात, पुढच्या जागी पार्किंग, चालणं, चौकट ठरवणं यात पंधरा. म्हणजे रस्त्यावरचा वेळ सोडून वीस मिनिटं प्रत्येक जागेमागे लागतात. बेळगाव-खानापूर हे पंचवीसेक किलोमीटरचं अंतर रेल्वे अर्ध्या तासात कापते. रस्त्यानेही तेवढाच वेळ लागतो. याचा अर्थ देसूरला फोटो काढून त्याच गाडीला खानापूरच्या पुलावर गाठणं न थांबणाऱ्या गाडीच्या बाबतीत जमत नाही. वाफेच्या गाडीच्या बाबतीत जमतं ते ती पाणी भरायला थांबते म्हणून. जुने पाण्याचे नळखांब बहुतेक ठिकाणी निघाले, टँकरने पाणी भरतात, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. आखणी या थांब्यांभोवती करायची, वेगाभोवती नाही.

नकाशातले दोन सापळे: निपाणी-संकेश्वर-बेळगाव हा हमरस्ता रेल्वेपासून लांब पश्चिमेला आहे, त्यावरून पाठलाग होत नाही. रूळ पूर्वेकडून रायबाग, घटप्रभा करत येतात. निपाणीकरांना तर स्टेशनच नाही, आणि चिकोडी रोड हे स्टेशन चिकोडीत नाही, गोकाक रोड गोकाकात नाही. नावात 'रोड' दिसलं की आधी अंतर बघा.

चालवणारा चालवेल, फोटो काढणार नाही. गाडीच्या बरोबरीने वाहन पळवत खिडकीतून व्हिडिओ काढणं बंद करा. मागचा ट्रकवाला तुमच्या इंजिनाच्या प्रेमात नसतो. खानापूर सोडल्यावर जंगल लागतं, मोबाइलची रेंज जाते. पेट्रोल आणि नकाशा आधीच भरून ठेवा.

कॅसल रॉकहून रुळांवरून चालत दूधसागरला जाता येतं का?

नाही. पूर्वी लोक जात, आता बंदी आहे आणि रेल्वे पोलीस परत पाठवतात, दंडही करतात. घाटात बोगदे आहेत, बाजूला उभं राहायला जागा नाही आणि कुळ्याहून चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावलेली असतात. पुढचा आवाज गेला म्हणून गाडी गेली असं समजू नका. गाडीतून जाताना खिडकीतून बघा. जादा इंजिनांचा घाटातला आवाज रेकॉर्डिंगच्या सरावाला फार छान आहे.

कायदा नेमका काय म्हणतो?

रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रूळ, खडी, पुलावरची पायवाट, सगळं हद्दीत येतं. कुंपण नसलं तरी. धंद्यासाठी चित्रीकरण करायचं तर आधी परवानगी लागते. हौशी फोटोसाठीही स्टेशन मास्तरांना सांगून ठेवलेलं बरं.

तारांत २५ हजार व्होल्ट आहेत. स्पर्श व्हावा लागत नाही, दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नका. सेल्फीची काठी, उंच ट्रायपॉड, पावसात छत्री, तिन्ही धोक्याची. आणि मार्ग दुहेरी झाल्यापासून नवा धोका आहे: तुम्ही एका गाडीकडे बघत असताना दुसऱ्या रुळावरून दुसरी येते. ती फोटोत आडवी आली तर निदान फोटोच जातो.

ड्रोनचा विचार करण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा उघडा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दल, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कॅन्टोन्मेंट. बेळगाव परिसरात ड्रोन घरीच राहू द्या. लष्करी हद्दीकडे साधा कॅमेराही रोखू नका.

गेटमन, शेतकरी यांच्याशी कसं बोलायचं?

खानापूर तालुक्यात मराठीत. रायबाग, गोकाककडे कन्नडमध्ये सुरुवात करा, मोडकी असली तरी. 'गाडी यावाग बरतैति?' (गाडी कधी येते?) एवढं विचारलं तरी समोरचा हसून सांगतो, बहुधा मराठीतच. गेटमन फोनवर असताना किंवा फाटक पाडताना विचारू नका, आणि फाटक थोडं उशिरा पाडा असं तर कधीच नाही. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा, बांधावरून चाला. दहा माणसं भाताच्या खाचरातून गेली की पुढच्या वर्षी तिथे कुणालाच उभं राहू देत नाहीत.

बरेच जण एकत्र असाल तर एक रेष ठरवा, तिच्या पुढे कुणी जायचं नाही. उंच माणसं आणि ट्रायपॉड मागे.

गाडीत बसून फोटो काढताना काय सांभाळायचं?

कोळशावरच्या गाडीत डोळ्यांत कण जातात. साधा पारदर्शक गॉगल घाला, कण गेलाच तर चोळू नका, पाण्याने धुवा. भिंगावर पडलेले कण कापडाने पुसले तर ओरखडे उठतात, आधी फुंकणीने उडवा. दाराबाहेर वाकू नका. इंजिन दिसायला वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी पुरते.

घरात मीटरगेजच्या काळातले जुने फोटो आणि निगेटिव्ह आहेत.

आधी मागे पेन्सिलने जागा, साल, माणसं लिहून घ्या, घरातली मोठी मंडळी आहेत तोवर. निगेटिव्ह कडेने धरा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आपल्या पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात. स्कॅन करताना इंजिनाचा क्रमांक वाचता येईल इतकं बारीक करा. त्या क्रमांकावरूनच पुढे वर्ग आणि बांधणी शोधता येते.

गेलो आणि गाडीच रद्द झाली तर?

कुन्नूरला इंजिनाचं शेड आहे. फलाटावरून शंटिंग दिसतं, आणि शेडमध्ये जायची परवानगी नम्रपणे मागितली तर कधी मिळते, कधी नाही. परतीच्या वाटेवर मैसूरचं रेल्वे संग्रहालय आहे. तिथलं ईएस ५०६ हे वाफेचं इंजिन स्थिर उभं आहे, त्यामुळे दांडे, सिलिंडर, झडपा हात लावण्याइतक्या जवळून बघता येतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना तिथे दांड्यांचा क्रम समजावून द्या. दुसऱ्या खेपेला चालत्या इंजिनावर नेमकं काय टिपायचं हे तीच तुम्हाला सांगतील.